साखर तपासायला बोलावलं, ओटीपीसाठी बसवलं

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. मारुतीच्या देवळापुढे मंडप टाकून ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर होतं. "काहीच न खाता या," असं आशाताई आदल्या संध्याकाळी घरोघर सांगून गेल्या. पाणी चालतं, हे कुणी सांगितलं नाही, म्हणून बापूंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घोटभर पाणीही घेतलं नाही.

आणि नोंदणीच्या टेबलावर सगळं अडलं. तिथल्या पोराला आधी आभा क्रमांक हवा, म्हणजे सरकारचा 14 आकडी डिजिटल आरोग्य-ओळख नंबर. त्यासाठी ओटीपी. तो जाणार आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर माझ्या दिराचा. दीर चाकणला कंपनीत. ड्यूटीवर फोन बाहेर ठेवावा लागतो. मग म्हणे अंगठा लावा. जन्मभर खुरपं धरून, कापूस वेचून बापूंची बोटं गुळगुळीत झालेली. पोरगा मशीनची काच पुसायचा, बापूंचा अंगठा धरून दाबायचा, की पुन्हा लाल दिवा.

"बाबा, नीट दाबा ना."

"लेकरा, आता काय तोडून देऊ का?"

रांगेतल्या बाया हसल्या, पण रांग जागची हलली नाही. ऊन मंडपात आलं. मागे साखरेच्या गोळीवर असलेल्या एक आजी घामाघूम होऊन थरथरायला लागल्या. पुजाऱ्यानं खडीसाखर दिली तेव्हा कुठं सावरल्या. साखर तपासायच्या शिबिरात!

मग मात्र मी सरळ सिस्टरांकडे गेले. "आभा ऐच्छिक आहे ना? मग आधी तपासा, नंबर मागून काढा." त्यांनी मुकाट्यानं कोरा केसपेपर ओढला. तपासणी बघता बघता उरकली, याचाच जास्त राग आला. तुमच्याकडे असं झालं, तर बिनधास्त केसपेपर मागा.

बीपी पहिल्यांदा 168 आला. सिस्टरांनी पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं, तर 146. तरी 140 च्या वरच, म्हणून उपकेंद्रात पुन्हा बोलावलं. उपाशीपोटीची साखर 112; 126 पासून मधुमेह धरतात, म्हणजे काठावर. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नुसतं "पांढरी गोळी" सांगून त्यांना काही कळत नाही. आणि बीपीच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको.

मिठावरचं भाषण बरं झालं. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चमचाभर, लोणचं-पापड धरून. ठेचा त्यात धरायचा का, यावर बायांनी सिस्टरांना चांगलंच घेरलं.

सत्तरीपुढच्यांच्या वय वंदना कार्डाला, म्हणजे आयुष्मान भारत योजनेतल्या कार्डाला, मात्र आधारची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, लागतेच. 2024 पासून त्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. म्हणून आधार केंद्रात जाऊन बापूंच्या आधारला माझा मोबाइल जोडून घेतला. आभा अजून काढलेलं नाही. उपकेंद्रात कुणी मागितलंही नाही.