राडारोड्याचा प्रकल्प: गणित गेटवरच सुटतं

राडारोड्यापासून खडी बनवायचा प्रकल्प काढतोय म्हटल्यावर जो तो विचारायचा, "खडी कितीला विकणार?" माझा अहवाल मात्र उलट्या टोकाकडून सुरू झाला. राडारोडा टाकायला येणारा मला टनामागे काय देणार?

कारण साधं आहे. खाणीतल्या खडीपेक्षा स्वस्त असल्याशिवाय या खडीला गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि तेवढ्या पैशात डिझेल, मजुरी, क्रशरच्या झिजणाऱ्या प्लेटा आणि बँकेचा हप्ता भागत नाही. उरलेला पैसा गेटवरच्या शुल्कातून यायला हवा. ते शुल्क कोणी खुशीने देत नाही. फुकट ओतायला जागा उरली नाही की देतात. ब्रिटनने १९९६ साली कचरा पुरण्यावर कर लावला आणि २००२ पासून खाणीच्या खडी-वाळूवरही. म्हणजे टाकणंही महाग, नवं काढणंही महाग. हे पाठबळ नसेल तर आपण रात्री नाल्याकाठी गाडी रिकामी करणाऱ्याशी स्पर्धा करत असतो, आणि त्याचा दर शून्य असतो.

बँकेच्या साहेबांनी यंत्राची कोटेशनं बाजूला सारली. "ताशी १०० टनांचं यंत्र घेताय. खायला काय घालणार?" मग तिथेच कागदावर आकडेमोड झाली. आठ तासांचे ८०० टन. गाडीत १६ टन धरले तर रोज ५० गाड्या, म्हणजे साधारण दर दहा मिनिटांनी एक गाडी काट्यावर. एवढी बांधकामं जवळपास पडत असतील तरच ते यंत्र. नाहीतर ते अर्धा दिवस झोपतं आणि हप्ता जागा राहतो. शिवाय माल जड आणि कवडीमोलाचा, त्यामुळे अंतर वाढलं की भाडंच मालाच्या किमतीला गिळतं. मी जागा निवडली ती स्वस्त नव्हती, पण पाडकामांच्या जवळ होती.

गेटवर एकच दर ठेवून चालत नाही. निव्वळ काँक्रीट आणलं तर कमी शुल्क, मिसळलेला माल आणला तर जास्त. मिसळलेल्या गाडीत लाकूड, प्लास्टिक, गाद्या, जिप्समचे तुकडे असं सगळं निघतं आणि निवडायला माणसं लागतात. जिप्सम तर हमखास बाहेर काढावं लागतं; त्यातलं सल्फेट सिमेंटशी भांडतं आणि काँक्रीट फुगून तडकतं. सळया चुंबकाखाली वेगळ्या होतात, भंगाराचे रोख पैसे देतात. तेवढाच दिलासा.

विक्रीची खरी अडचण प्रयोगशाळेत कळली. खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, त्यामुळे ती पाणी पिते. नैसर्गिक खडी साधारण एखादा टक्का शोषते, ही सहज पाच-सहा टक्के. काँक्रीट मिसळणारा यावर नाक मुरडतो. रस्त्याच्या पायाभरावाला मात्र ती उत्तम, म्हणून मी विक्रीचा अंदाज भरावाच्याच दराने मांडला. बारीक भुकटीसाठी पेव्हर ब्लॉकचं छोटं यंत्र जोडलं, नाहीतर तिचे ढीगच आवार खाऊन टाकतात.

बँकेने कर्ज दिलं ते निम्म्या क्षमतेच्या यंत्राला, आणि राडारोडा पुरवठ्याचा दीर्घ मुदतीचा करार आणण्याच्या अटीवर. करारात शुल्क डिझेलच्या भावाशी बांधून घेतलंय. ठरलेले टन आले नाहीत तरी किमान रक्कम मिळावी, या कलमावर अजून घासाघीस चालू आहे; आणि त्यावर सही होईपर्यंत मी यंत्राची आगाऊ रक्कम भरणार नाही.