"मला काहीच आठवत नाही"

शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का, असे न्यायाधीशांनी आज माझ्या दादाचा जीव घेणाऱ्या माणसाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मला त्या रात्रीचं काहीच आठवत नाही." पुढे लहान मुलगी, म्हातारी आई, पहिलाच गुन्हा, असे त्याच्या वकिलांनी मांडले, पण माझे मन त्या वाक्यापाशीच अडकले. सात वर्षे सक्तमजुरी झाली. सीबीएस बसस्थानकापाशी रिक्षा मिळेपर्यंत वहिनी एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांच्याविषयी आज लिहवत नाही.

वर्षे कमी पडली, असे माझे म्हणणे नाही. आडवी लावलेली गाडी, त्यावरून बाचाबाची, हाताला लागलेला पेव्हर ब्लॉक आणि एकच घाव. आधीचे वैर नाही, तयारी नाही. प्रकार २०२२ चा, म्हणून जुनी दंड संहिता लागली, आणि सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागात, म्हणजे मारण्याचा हेतू नाही पण जीव जाऊ शकतो याची जाणीव आहे तेव्हा, दहा वर्षांपलीकडे जाता येत नाही, हे सरकारी वकिलांनी आम्हाला आधीच समजावले होते. स्वतःहून दारू प्यालेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती, असे कलम ८६ धरून चालते. म्हणजे जाणीव कायद्याने त्याच्या पदरात घातली. आठवण कोण घालणार?

टपरीवाल्याने घाव पाहिला, बोलणे ऐकले नाही. दादाचे शेवटचे शब्द ऐकणारा जगात एकच माणूस, आणि त्याच्याजवळ ते नाहीत. तो खोटे बोलत असेल तर बरे, असे मला दुपारभर वाटत राहिले, कारण मग ते शब्द निदान कुठेतरी असतील. पण घडीच्या खुणा उमटलेल्या शर्टाचे बटण चाचपत उभा असलेला तो माणूस मला खोटा वाटला नाही. आपल्याच वाट्याला हे का, म्हणून मी रडलोही.

कच्च्या कैदेतला काळ वजा होऊन तो सुटेल, तेव्हा गाठून विचारायचे, हे मी इतके दिवस मनाशी धरले होते. ते आज सोडले. वाटेत गाडी आली की दादा आधी तिच्या सीटवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "बाळा, जरा सरकव ना." त्या रात्रीही तो हेच म्हणाला असणार, असे मी धरून चालणार आहे.