आधी गेट, मग खोली: ताडोबातली आमची वाटचाल

ताडोबात कुठे राहावं असं कुणी विचारलं की आमच्याकडून पहिला उलट प्रश्न जातो: सफारीचं परमिट कोणत्या गेटचं निघालंय? मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही कोअरची, म्हणजे जंगलाच्या गाभ्याची, गेटं. ज्या गेटचं परमिट, तिथूनच आत जायचं आणि तिथूनच बाहेर यायचं. मोहर्लीत कॉटेज घेतलं आणि सफारी कोलाऱ्याची मिळाली, तर जंगलाला बाहेरून वळसा घालत दोन तासांहून जास्त प्रवास. उन्हाळ्यात गेट साडेपाचच्या सुमारास उघडतं, म्हणजे घरच्यांना अडीचला उठवायचं. पोरं त्या सफारीत झोपतातच, वाघ समोर आला तरी.

आम्ही नागपूरचे. कुटुंबांची ताडोबात राहण्याची सोय लावणं एवढाच आमचा धंदा. हॉटेल आमचं नाही, जिप्सी म्हणजे सफारीची उघडी गाडीही आमची नाही. नियम पहिल्या दिवसापासून एकच: स्वतः न पाहिलेली खोली विकायची नाही, आणि पाहायची ती मे महिन्यात. दिवाळीनंतर चंद्रपूर जिल्ह्यातली कोणतीही खोली छान वाटते. पारा ४५ च्या वर गेला की खरी खोली कळते.

पाहणीच्या पिशवीत चार वस्तू असतात: टेप, तापमापक, व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर आणि वीस लिटरची बादली. टेप आधी. जाहिरातीत ‘चौघांची फॅमिली रूम’ लिहिलेलं असतं आणि खोली निघते १० बाय १२. सहा फुटी पलंग ठेवला की उरतात सहा फूट, त्यात तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या. चालायला जागाच नाही. रात्री आजीला बाथरूमला जायचं तर नातवंडांवरून. १२ बाय १४ असेल तर दोन फुटांची वाट राहते, म्हणून त्याहून लहान खोलीत आम्ही जादा गादी घालू देत नाही.

तापमापक रात्री दहाला भिंतीवर लावायचा, दुपारी नव्हे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. पश्चिमेकडे उघडी भिंत असली तर आणखी त्रास. लाकडी कॉटेज म्हणजे लॉग हट सूर्य मावळला की लवकर निवते, हा तिचा मोठा गुण. पण फळ्यांच्या फटी बुजवलेल्या हव्यात, नाहीतर विंचू, पाली आत. दोन हटींमध्ये एकच भिंत असेल तर शेजारचं तान्हं रडलं की तुमची पहाट गेली. खांबांवर उचललेल्या हटीला पाच-सहा पायऱ्या असतात. गुडघेदुखीवाल्यांना ती देऊ नका, फोटो कितीही सुंदर असो.

एसी की कूलर, यावर लोक उगाच वाद घालतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याची ताटी लावलेला कूलर उत्तम चालतो. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओल कोंडते आणि खोली चिकट होते. जंगलात खिडकी उघडी ठेवायची तर तिला बारीक जाळी हवी, आणि जाळी फाटकी नको. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, लोक बफरच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, सफारीला येतात. तेव्हा हवा दमट, कूलर निकामी. एसी असेल तर मल्टिमीटर रात्री नऊला लावा, सगळ्या खोल्यांचे एसी चालू असताना. व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की कॉम्प्रेसर धापा टाकतो, मग बंद पडतो. दीड टनी एसी दीड-दोन किलोवॅट खातो. दहा कॉटेजना १५ केव्हीएचा (म्हणजे साधारण १२ किलोवॅटचा) जनरेटर असेल तर वीज गेल्यावर दहाही एसी त्यावर चालणार नाहीत. ‘बॅकअप आहे’ या उत्तरावर थांबू नका. बॅकअपवर नेमकं काय चालतं ते विचारा.

बादली गरम पाण्यासाठी. हिवाळ्यात पंधरा लिटरच्या गीझरमधून, थंड पाणी मिसळून, जेमतेम दीड बादली निघते. पुन्हा तापायला वीस-पंचवीस मिनिटं. पाच माणसांच्या आंघोळी पहाटे होणारच नाहीत. त्या सफारीहून परतल्यावर कराव्यात.

हे सगळं आम्हाला शिकवलं मोहर्लीच्या आमच्या पहिल्या भागीदाराने. आधी तो जिप्सी चालवायचा. तो खोलीत शिरायच्या आधी अंगण फिरायचा. मोहाचं झाड कॉटेजला लागून असेल तर नकार द्यायचा, कारण मार्च-एप्रिलात फुलं पडली की पहाटे अस्वल येतं, आणि नेमकी तीच तुमची निघायची वेळ. स्वयंपाकघरामागे उष्टं टाकलेलं दिसलं तरी नकार. उष्ट्यावर कुत्री, कुत्र्यांवर बिबट. कुंपण आणि निवासापासून जेवणघरापर्यंतचे दिवे तो रात्री चालून बघायचा. आमच्या तपासणीच्या यादीतलं पहिलं पान त्याचं आहे.

मधली वर्षं बरी गेली. मग शहरातल्याच एका फर्मने आमच्या यादीतली कॉटेजं उचलली आणि रात्रीमागे हजार रुपये कमी लावले. स्वस्त विकण्याला आमची हरकत नव्हती. हरकत होती ‘गेटपासून पाच मिनिटं’ या ओळीला. ते गेट बफरचं असायचं, कोअरचं नव्हे, आणि परमिट असायचं कोअरचं. आठ जणांच्या कुटुंबाला दोन खोल्या आवाराच्या दोन टोकांना. जिप्सीत सहाच पर्यटक बसतात हेही सांगितलेलं नाही, म्हणून दुसऱ्या गाडीसाठी गेटवर धावाधाव. अडकलेली माणसं फोन आम्हाला करायची, कारण कॉटेजच्या काउंटरवर आमचं कार्ड असायचं. आम्ही शक्य तेवढ्यांना सोडवलं. तरी ‘नागपूरचे एजंट सगळे सारखेच’ हे वाक्य आम्हाला ऐकावं लागलं. ते अजून बोचतं.

त्यातून सावरतोय तोवर मार्च २०२० आलं आणि जंगल बंद झालं. एप्रिल-मे म्हणजे आमच्या वर्षाची भाकर. पाणवठे आटतात, वाघ दिसतो, शाळांना सुट्टी. ॲडव्हान्स कॉटेजवाल्यांकडे पोचलेला, त्यांनी तो छपरं आणि गाद्यांवर खर्च केलेला. इकडे परताव्यासाठी रांग. आम्ही गाडी विकली, कार्यालय सोडून घरातल्या पुढच्या खोलीत आलो आणि हप्त्याहप्त्याने सगळ्यांचे पैसे फेडले. कॉटेजवाल्यांकडून काही रक्कम आजही यायची आहे.

ठाण्याच्या एका काकूंनी मात्र पैसे मागितले नाहीत. ‘राहू द्या तुमच्याकडे, आम्ही येणारच आहोत,’ एवढाच निरोप. दुसराही उन्हाळा तसाच गेला, तरी पुन्हा तोच निरोप. त्या तीन पिढ्या घेऊन येतात आणि त्यांच्या मागण्या ठरलेल्या: तळमजला, कमोडशेजारी धरायला दांडी, बाथरूमचा उंबरठा दोन इंचांच्या आत, दोन खोल्यांमध्ये दार. या चार गोष्टी आता आम्ही प्रत्येक ज्येष्ठासाठी न विचारता तपासतो. त्या दांड्या मोहर्लीच्या काही कॉटेजमध्ये आम्ही पदरच्या खर्चाने बसवल्या आहेत.

आता ॲडव्हान्स घेतानाच तीन ओळी लिहून देतो: जंगल बंद झालं तर किती परत, परमिट मिळालं नाही तर किती, घरात आजारपण आलं तर किती. तुम्ही बुकिंग कुणाकडेही करा, या तीन ओळी लेखी घ्या. परमिट हाती आल्याशिवाय खोलीचे पूर्ण पैसे भरू नका. परमिटवर ज्या ओळखपत्राची नोंद असेल तेच बरोबर ठेवा, मूळ प्रत, प्रत्येकाचं. मंगळवारी कोअर बंद असतो, त्यामुळे सोमवार-मंगळवारचा मुक्काम स्वस्त मिळतो. तो घेतलात तर बुधवारी सकाळची सफारी पक्की झाल्यावरच घ्या. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. सगळ्यांचे फोन खोलीत राहणार, तेव्हा कुलूप लागणारं कपाट आहे का ते विचारा. आमच्या तपासणीच्या यादीत हा रकाना शेवटचा आहे, आणि तो रिकामा असेल तर ती खोली आम्ही देत नाही.