इतक्या थोड्या माणसांत सण कसला होतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचं चर्च कॅथलिकच, पण रोमपासून स्वतंत्र, सर्वांना सामावून घेणारं. तिथे एरवीच्या रविवारी चाळीसएक माणसं असतात, ईस्टरला साठ-सत्तर. हा आकडा ऐकला की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, माझ्या मराठी ओळखीपाळखीच्या लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मग सणावाराला कसं करता? सुनंसुनं नाही वाटत? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, जरा संकोचत. पोपचा अधिकार मानत नाही, बाई वेदीवर उभी राहून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, करते, दोन पुरुषांचं लग्न लागतं, मग हे कॅथलिक कसं?

दुसऱ्यापासून सुरू करते, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याचं उत्तर कळायचं नाही. रोमपासून वेगळं राहून कॅथलिक असणं ही काही अलीकडची हौस नाही. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या कॅथलिकांनी १७२३ मध्ये रोमच्या संमतीविना आपला आर्चबिशप, म्हणजे बिशप या वरिष्ठ धर्मगुरूंचा प्रमुख, निवडला, पुढच्या वर्षी त्याचा अभिषेकही झाला. पुढे १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने असं ठरवलं की पोप श्रद्धा आणि नीतीबद्दल अधिकारवाणीने निर्णय देतात तेव्हा त्यांची चूक होऊ शकत नाही. हे ज्यांना मान्य झालं नाही असे जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियातले लोक बाजूला झाले आणि १८८९ मध्ये उट्रेख्टकरांबरोबर त्यांचा एक संघ झाला. त्यांना ओल्ड कॅथलिक म्हणतात. मिस्सा तीच, सात संस्कार तेच, बिशपने बिशपच्या डोक्यावर हात ठेवून चालत आलेली परंपराही तीच. जर्मनीतल्या ओल्ड कॅथलिकांनी १९९६ मध्ये स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली.

आता यातला जो धागा मला फार जवळचा वाटतो तो सांगते. अंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिश हे गोव्याचे कॅथलिक धर्मगुरू. पोर्तुगालच्या राजाचा हक्क की रोमचा, या वादात ते रोमपासून दूर झाले, केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि १८८९ मध्ये तिथे बिशप झाले. १८९२ मध्ये त्यांनी कोलंबोत रेने व्हिलात नावाच्या माणसाचा बिशप म्हणून अभिषेक केला. हे व्हिलात अमेरिकेत विस्कॉन्सिनला बेल्जियन शेतकऱ्यांमध्ये काम करत होते. आज अमेरिकेतल्या कितीतरी स्वतंत्र कॅथलिक बिशपांची परंपरा मागे नेली की ती व्हिलातांपाशी आणि तिथून आल्वारिशांपाशी पोचते. आल्वारिशांची कबर गोव्यात रायबंदरला आहे. ‘हे अमेरिकन फॅड आहे’ असं कोणी म्हटलं की मी त्यांना रायबंदरला पाठवते.

एक मात्र ध्यानात ठेवा. स्वतंत्र म्हटलं की सर्वांना सामावून घेणारं असेलच असं नाही. पोलिश स्थलांतरितांनी १८९७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टनला काढलेलं पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च स्त्रियांना दीक्षा देत नाही आणि त्याच मुद्द्यावरून ते २००३ मध्ये उट्रेख्टच्या संघातून बाहेर पडलं. फक्त जुनी लॅटिन मिस्सा चालवणारे, आमच्याकडे बघून कपाळाला आठ्या घालणारे गटही स्वतंत्रच आहेत. आणि सामावून घेणारी सगळीच चर्चेस लहान असतात असंही नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचं स्पिरिटस क्रिस्टी चर्च १९९८-९९ मध्ये वेगळं झालं तेच मोठ्या संख्येने, आणि २००१ मध्ये तिथे मेरी रॅमरमन यांना दीक्षा मिळाली ती एका भरगच्च नाट्यगृहात.

आमचं तसं नाही. आमची स्वतःची इमारतसुद्धा नाही. एका लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चने आम्हाला जागा दिली आहे. सकाळी त्यांची उपासना असते, दुपारनंतर आमची. वेदीवरची वस्त्रं, मिस्साचं पुस्तक, कप आणि ताटली, मेणबत्त्या, सगळं झाकणाच्या डब्यांतून कोणाच्या ना कोणाच्या गाडीतून येतं आणि परत जातं. आमच्या धर्मगुरूबाई आठवडाभर रुग्णालयात रुग्णांना आणि नातेवाइकांना आध्यात्मिक आधार देण्याची नोकरी करतात, त्यावर त्यांचं घर चालतं. चर्चकडून त्या पगार घेत नाहीत.

तर सण. मी लहानपणापासून भरलेल्या चर्चमध्ये ईस्टर पाहिला. ‘पाहिला’ हेच खरं, कारण करणारे दुसरे असायचे. सुंदर असायचं, आजही ती गाणी मला तोंडपाठ आहेत. पण मी आले नसते तरी कुणाचं काही अडलं नसतं. इथे अडतं. पास्काच्या जागरणाला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेला, कोणी तापाने आजारी पडलं तर त्याच्या वाट्याचा बायबलमधला उतारा कोण वाचणार, हे दुपारी फोनाफोनी करून ठरवावं लागतं.

जागरणाचंच सांगते. काळोख पडल्यावर पार्किंगमध्ये लोखंडी शेगडीत अग्नी पेटवतात. वारा असला की चारपाच जण कोट पसरून आडोसा करतात. पास्काच्या मेणबत्तीवर अल्फा, ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली-शेवटची अक्षरं आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात, ती पेटवून आत न्यायची. त्या रात्री बायबलच्या जुन्या करारातले सात उतारे असतात. वेळ वाचवायला कमी घेण्याची मुभा आहे, मोठ्या चर्चमध्ये बहुधा तसंच करतात. आम्ही सातही घेतो. इजिप्तच्या गुलामीतून पळणाऱ्या इस्राएली लोकांसाठी तांबडा समुद्र दुभंगतो तो उतारा मुलांकडे असतो. दोन उंच माणसं निळी चादर ताणून धरतात, वाचणारा ‘पाणी दुभंगलं’ म्हणाला की ती वर उचलतात, आणि इस्राएली लोक खालून पळत सुटतात. मुलं मोजकीच, त्यामुळे पाठलाग करणाऱ्या फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, सैन्यात आजीआजोबांना उभं राहावं लागतं. चादर अंगावर पडली, म्हणजे सैन्य बुडालं, की खाली बसायचं असतं, ते गुडघे सांभाळून बसतात, आणि सगळं चर्च हसतं. मग दिवे लागतात, घंटा वाजतात, ग्लोरिया हे स्तुतिगीत सुरू होतं. बायबलमधली ती गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल, पण आपण गुलामीतून सुटलो म्हणजे नेमकं काय झालं, हे मला चादरीखालून धावताना जितकं कळलं तितकं प्रवचनातून कधी कळलं नव्हतं.

कारण तिथे धावणाऱ्यांपैकी बरेच जण खरोखरच कुठून तरी सुटून आलेले असतात. काहींना आईवडिलांनी घराबाहेर काढलेलं, एकीला धर्मगुरू व्हायचं होतं आणि वयाची साठी आली तरी ते शक्य नाही हेच ऐकत आलेली, एक जोडपं चाळीस वर्षं एकत्र राहून चर्चमध्ये मात्र दोन वेगळ्या बाकांवर बसलेलं. माझं स्वतःचं हे दुसरं लग्न. पहिला जोडीदार हयात असताना, पहिलं लग्न चर्चच्या न्यायालयाने रद्द ठरवल्याशिवाय दुसरं लग्न केलेल्याला कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर आणि द्राक्षारस, घेता येत नाही, हा रोमन चर्चचा सर्वसाधारण नियम. मला कोणी हाकललं नव्हतं. पण सगळा बाक उठून पुढे गेला की मी गुडघे बाजूला करून त्यांना वाट द्यायची आणि एकटी बसून राहायची. आमच्याकडे कम्युनियनआधी धर्मगुरूबाई दर रविवारी तेच वाक्य म्हणतात: हे मेज प्रभूचं आहे, आमचं नाही, ज्याला यावंसं वाटतं त्याने यावं. नव्याने आलेल्या माणसाचा चेहरा त्या वाक्याला बघायचा. काही जण पहिल्या दोनतीन वेळा उठतच नाहीत.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पाय धुतात. रोमन विधीत २०१६ पर्यंत फक्त पुरुषांचेच पाय धुण्याचा नियम होता, पोप फ्रान्सिस यांनी तो बदलला आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. आमच्यासारख्या चर्चमध्ये त्याआधीपासूनच बायकापुरुष हा भेद नव्हता. आमच्याकडे बारा माणसं निवडत नाहीत. रांग असते. माझे पाय ज्याने धुतले त्याचे मी नाही, माझ्या पुढच्याचे धुवायचे. निवृत्त परिचारिका आहेत एक, त्या कोपर बुडवून पाणी कोमट आहे का बघतात, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. एका आजोबांना वाकता येत नाही, तर ज्याचे पाय धुवायचे तो स्टुलावर बसतो आणि घंगाळ खुर्चीवर ठेवतात. गेल्या खेपेला त्यांच्यासमोर एक तरुण मुलगी होती. जन्माने मुलगा ठरवलेली, आता मुलगी म्हणून जगणारी. तिने मोजे काढायला फार वेळ लावला. आजोबांनी घाई केली नाही. धुऊन झाल्यावर बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या, अगदी नीट, आणि तिला तिच्या नव्या नावाने हाक मारून ‘प्रभूची शांती’ म्हणाले. या माणसाला ते नाव नीट उच्चारता यावं म्हणून त्याची बायको घरी त्याच्याकडून म्हणवून घेत होती, हे आम्हाला नंतर कळलं.

पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा आला आणि शिष्य निरनिराळ्या भाषांत बोलू लागले त्या सणाला, बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला तोच उतारा सगळे आपापल्या भाषेत एकाच वेळी वाचतात. मी मराठीत वाचते, शेजारची स्पॅनिशमध्ये, पलीकडे एक जण खुणांच्या भाषेत. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, त्यात ज्यांना कुठल्याही चर्चने दफनविधी दिला नाही त्यांचीही. २२ जुलैला येशूची शिष्या मग्दालेना मरिया हिचा सण आम्ही थाटात करतो, पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा तिनेच सांगितली म्हणून. नाताळ मात्र साधाच होतो. लुथरन मंडळींचीही तीच रात्र असते, आम्हाला जागा उशिरा मिळते, आणि लोक आपापल्या गावी गेलेले असतात.

सगळं गोड आहे असं चित्र मला उभं करायचं नाही. लहान असणं हा काही गुण नव्हे. एक कुटुंब बदली होऊन गेलं की निम्मी गाणारी माणसं जातात. दोघांचं बिनसलं की ते लपायला जागा नसते, सगळ्यांच्या जेवणाच्या टेबलावर ते येऊन बसतं. स्वतंत्र चर्चच्या जगात बिशप भांडतात, गट फुटतात, आज आहे ते चर्च पाच वर्षांनी असेलच याची हमी नाही. नोकरी करून मिस्सा करणारा धर्मगुरू थकतो. धर्मगुरूबाईंच्या सुटीच्या आठवड्यात आम्ही शब्दविधी करतो, म्हणजे वाचन, प्रार्थना, भजन आणि कुणा सभासदाचं प्रवचन. मोठ्या चर्चच्या शाळा, दवाखाने, गरिबांसाठीची मोठी कामं आमच्या आवाक्याबाहेरची आहेत, आणि ती करणाऱ्या रोमन कॅथलिक भावंडांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पैशाचा हिशेब मात्र वर्षातून एकदा सभेत सगळ्यांसमोर मांडला जातो, कोणीही विचारावं. बिशप निवडतानाही आम्हाला मत असतं. ही गोष्ट मला सणाइतकीच मोलाची वाटते, कारण घंगाळ कुठलं आणायचं इथपासून ते बिशप कोण इथपर्यंत आपल्याला विचारलं जातं हे एकदा अंगवळणी पडलं, की सणाच्या दिवशी माणूस पाहुण्यासारखा बसत नाही.

हे सगळं ऐकून काही जण विचारतात, आम्ही येऊन बघू का? जरूर या. वेळ आधी विचारून घ्या, कारण लुथरन मंडळींचा काही कार्यक्रम असला की आमची मिस्सा पुढे सरकते. नंतर सगळे एकत्र जेवतात. एखादा पदार्थ आणलात तर छानच, नाही आणलात तरी पुरून उरतं. दारू सोडलेल्यांसाठी द्राक्षरसाचा कप वेगळा असतो, गहू चालत नाही त्यांच्यासाठी वेगळी भाकर. कम्युनियन घ्यायचं नसेल, किंवा तुम्ही ख्रिस्ती नसाल, तरी रांगेत येता येतं. दोन्ही हात छातीवर ठेवा, म्हणजे धर्मगुरूबाई आशीर्वाद देतील. आणि ईस्टरच्या रात्री आलात तर थोडे आधी या, चादर धरायला उंच माणसं लागतात.