मंगाच्या कपाटापुढे

आज पॅरिसमध्ये पुस्तकांच्या दुकानात पन्नाशीचा बाप आणि त्याची पोरगी फरशीवर फतकल मारून 'वन पीस' या मंगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, खंड उलटेपालटे करत होते, कुठला घरी नाहीये ते बघत, आणि माझा पायच निघेना तिथून. हे फॅड आहे, ओसरेल म्हणतात, अरे इथे १९७८ ला टीव्हीवर 'गोल्डोराक' हे ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, लागलं तेव्हाची पोरं आता आजोबा व्हायला आलीत! मला काळजी प्रेक्षकांची नाहीच, तिकडे जपानमध्ये रात्र रात्र जागून ॲनिमेच्या फ्रेम्स काढणाऱ्या नव्या पोरांची आहे. २०२३ मध्ये ॲनिमेची परदेशातली कमाई जपानमधल्या कमाईच्या पुढे गेली तरी कित्येकांना एकेका चित्रामागे जेमतेम पैसे, मग भाडं भागेना की सोडतात लाईन. त्यांचे पगार वाढवा राव आधी, किती जीव ओततात ती!