हातांचं काय करायचं?

सहावीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकात मला पहारेकऱ्याचं काम मिळालं. काम म्हणजे एकच वाक्य : “महाराज, खलिता आला आहे.” हे वाक्य मी पंधरा दिवस घोकलं. माडांच्या आळ्यांत पाणी सोडताना, विहिरीवर, जेवताना. शेवटी आजी वैतागून म्हणाली, “तो खलितो एकदाचो घे नि माका जेवक दी.” वाक्य अगदी चोख झालं होतं. घात केला तो हातांनी.

पहिल्या प्रवेशात हातात भाला होता. पोफळीची कामटी, तिला पुठ्ठ्याचं पातं आणि पात्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. भाला होता तोवर मी पहारेकरी होतो. पण शाळेच्या सामानात भाले दोनच आणि पुढच्या प्रवेशात मावळे चार, म्हणून विंगेत माझा भाला काढून घेतला गेला. दरबाराच्या अख्ख्या प्रवेशात मी मोकळ्या हातांनी उभा. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्याला दोन हात आहेत आणि ते बरेच लांब आहेत. खाली सोडले तर ओल्या टॉवेलसारखे लोंबायला लागले. मागे बांधले तर मी पहारेकरी न वाटता हेडमास्तर वाटलो असणार, कारण पहिल्या बाकावरची पोरं खुसखुसली. खिशात घालावेत तर चुडीदार विजारीला खिसा नाही. शेवटी मी ते जोडले. महाराज कारभाऱ्यांवर रागावले, हेराला बक्षीस दिलं, मोहीम ठरली, आणि तेवढा वेळ मी कोपऱ्यात नमस्कार करत उभा होतो. खलिता आला तोही नमस्कारासकटच.

घरी परतताना मामा काही बोलला नाही. पुलाजवळ आल्यावर मात्र थांबला नि म्हणाला, “दोनच हात, तर ही गत. चार असते तर काय केला असतस रे? त्या विष्णूक बघ. शंख, चक्र, गदा, कमळ. एकव हात रिकामो नाय. देवाकव कळता.”

मामा रापणीवर जायचा. किनाऱ्यावरून दोरी धरून जाळं ओढणाऱ्या त्या लांबलचक रांगेतला एक. दोरीने त्याच्या तळव्यांना असे घट्टे पडले होते की निखारा उचलून विडी पेटवायचा. आणि हाच मामा वर्षातून एकदा, देवळापुढच्या पूजेच्या नाटकात, द्रौपदी व्हायचा. कधी सीता, कधी तारामती, पण गावाच्या लेखी तो द्रौपदीच. मुंबईहून आलेले चाकरमानीदेखील “काय द्रौपदीबाय, मासळी काय गावली?” असं विचारायचे आणि मामा न चिडता सांगायचा, “बांगडो.”

त्याचं बोलणं मनात राहिलं आणि तेव्हापासून मी नाटक-सिनेमा हात बघतच बघू लागलो. चेहरे सगळेच बघतात. हातांकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून तर नटाची खरी चाचपणी तिथे होते. मामाने सांगितलेला देवांचा मुद्दा तर मला अजून पटतो. आपल्या मूर्तिकारांनी देवांच्या हातांत इतकी आयुधं, फुलं, मोदक दिले त्यामागे शास्त्र असेल ते असो. मला त्यात एका चांगल्या दिग्दर्शकाची सावधगिरी दिसते. मोकळ्या हातांचा प्रश्न माझ्या माहितीत एकट्या विठोबाने सोडवला. दोन्ही कमरेवर ठेवले आणि पुन्हा म्हणून हलवले नाहीत. ते आपल्याला जमणारं नव्हे. मी आरशासमोर करून पाहिलं, भाडं मागायला आलेला घरमालक दिसलो.

विठोबावरून आठवलं. 1936 सालच्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. हा चित्रपट पुढे व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. मला त्या तुकोबांच्या हातांत जो मऊपणा दिसतो तो तिथूनच आला असावा, असं मी आपलं मानतो. आणि त्यांच्यासमोर गौरीबाईंची आवली! म्हशीशी, पोरांशी, तुकोबांशी आणि थेट पांडुरंगाशी झटणारे हात. एकाच घरातले दोघे, एकाचे हात सुटलेले, दुसरीचे गुंतलेले. तो संसार मला संवादांआधी हातांतून कळला.

त्याच्याही मागे जायचं तर दादासाहेब फाळके. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना तारामती व्हायला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातल्या स्वयंपाकघरातून अण्णा साळुंके नावाचा तरुण त्यांनी उचलला. चार वर्षांनी ‘लंका दहन’मध्ये तर साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. म्हणजे मारुतीने नेलेली अंगठी ज्या हाताने दिली, त्याच हाताने अशोकवनात घेतली. मारुतीची धाप मला उगाच वाया गेल्यासारखी वाटते. मुंबई-पुण्याची माणसं हा किस्सा ऐकून हसतात. आमच्याकडे नाही हसत. कोकणातल्या दशावतारी नाटकात आजही राणी पुरुषच असतो आणि बायका तिच्या नाकातली नथ नि पदराचा नमुना एकमेकींना दाखवतात.

दशावतारातल्या हातांवर लिहायचं तर रात्र पुरणार नाही. तिथे लिहिलेली संहिता नाही. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कामं वाटली जातात आणि बोलणं ज्याचं त्याने रंगमंचावर उभं करायचं. पायपेटी, मृदंग, झांज. सामान म्हणजे एक लाकडी बाकडं. ते सिंहासन, तेच कैलास, तेच अरण्यातली शिळा. सुरुवातीला गणपती येऊन जातो, सरस्वती येते, भटजी येतो, मग काळ्या कपड्यातला, लांब जीभ लोंबवणारा संकासुर. बारकी पोरं आईच्या कुशीत. त्यानंतर आख्यान सुरू होतं ते उजाडेपर्यंत. राजा तलवार घेऊन येतो तेव्हा उजव्या हाताचं भागतं. डावा मात्र मोकळाच असतो. तो डावा हात काय करतो ते बघावं. कमरेच्या शेल्यावर टेकतो, मिशीवर जातो, मग एखादं स्वगत सुरू झालं की पेटीवाल्याकडे हलकेच वळतो. प्रेक्षकांना वाटतं, राजा ऐट करतोय. पेटीवाल्याला कळतं, आता पद घ्यायचंय. एकाच हालचालीत दोन कामं. आणि सकाळी हाच राजा रंग पुसून पेटारा उचलून पुढच्या जत्रेच्या वाटेला लागतो. ‘रातचो राजा, सकाळी कपाळार बोजा’ म्हणतात ते यालाच.

सिनेमातल्या नटांची एक सोय असते. क्लोजअप आला की हात चौकटीच्या बाहेर. खाली ते काय करतात, गुडघा खाजवतात की वाटाणे सोलतात, कुणाला पत्ता नाही. पण काहींनी ही सोय घेतली नाही. बलराज साहनी विलायतेत बीबीसीवर निवेदक राहिलेले, इंग्रजी शिकलेले गृहस्थ. ‘दो बिघा जमीन’साठी (1953) त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर अनवाणी रिक्षा ओढली. दूरदर्शनवर तो सिनेमा लागला तेव्हा शेजाऱ्यांच्या ओटीवर तीसेक माणसं जमलेली. कोणी रडत होतं. मामा पुढे सरकून टीव्हीला नाक लावून बघत होता. म्हणाला, “दांडी बरोबर धरल्यान. अंगठो वर नाय.” मामाकडून मिळालेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. दिलीपकुमारने ‘कोहिनूर’मधल्या एका गाण्यासाठी उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याकडे कित्येक महिने सतार शिकून घेतली. ऐकू येणारी सतार उस्तादांचीच आहे. पण बोटं पडद्यावर खोटी दिसू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आणि आमच्या चिपळूणचे काशिनाथ घाणेकर. शिक्षणाने दंतवैद्य. दात काढणारे हात टाळ्या काढायला लागले. संभाजी झाले, ‘अश्रूंची झाली फुले’तला लाल्या झाले. तिकडे श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, ते 1970 साली नटसम्राट झाले. मराठी रंगभूमीने दवाखान्यांतून असे बरेच हात पळवले आहेत आणि रुग्णांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

माझ्या हातांनाही पुढे गावच्या नाटकात काम मिळालं. विंगेतलं. सामाजिक नाटक होतं, नायक खलनायकाच्या थोबाडीत मारतो असा प्रसंग. नायक मुंबईहून आदल्या रात्री आलेला चाकरमानी, तालमी सगळ्या चुकलेल्या. म्हणून ठरलं की त्याने गालासमोरून नुसता हात फिरवायचा आणि मी विंगेत टाळी वाजवायची. सोपं काम. पण भाला नसलेल्या त्या दरबारापासून माझा हातांवर भरवसा उरला नव्हता. मी इतका टपून बसलो की नायकाने हात उचलायच्या आधीच टाळी वाजवली. थप्पड आधी ऐकू आली, हात मागाहून आला. वीज आधी दिसते आणि गडगडाट मग ऐकू येतो, हा विज्ञानाचा नियम त्या रात्री आम्ही उलटा केला. खलनायक गोंधळून आवाजावर एकदा आणि हातावर एकदा, असा दोनदा कोलमडला. मांडवातून “वन्स मोर!”

हे मी रंगवून सांगतो खरा, पण सांगताना दरवेळी ललिता पवार आठवतात. 1942 साली एका चित्रीकरणात नट भगवानदादांनी त्यांना मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं गेली. मग त्याच डोळ्याने त्यांनी अख्ख्या देशातल्या सुनांना घाबरवलं. विंगेतली खोटी टाळी ही फार मोठी दयेची गोष्ट आहे.

1980 साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच आला आणि मालवणी बोली लंडनपर्यंत जाऊन आली. 5000 हून जास्त प्रयोग झाले. गावकरी मंडळी द्रौपदीच्या वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि एकेक गोष्ट विस्कटत जाते, एवढंच कथानक. महाराष्ट्र पोट धरून हसला. मामाने ते बघितलं, गंभीरपणे बघितलं, आणि बाहेर आल्यावर विचारलं, “ह्येच्यात हसण्यासारख्या काय हा?” त्याच्या लेखी तो गेल्या वर्षीच्या पूजेचा अहवाल होता.

कारण त्याची द्रौपदी मी विंगेतून बघितली आहे. बांगड्या भरलेले ते रापणीचे हात. मला वाटायचं, तो ते निऱ्यांत लपवेल. त्याने कधी लपवले नाहीत. पदर सावरला, बांगडी मागे सारली, कुंकू पुसटलं का ते बोटाने पाहिलं, पदराचा सुटलेला दोरा गुंडाळला. धर्मराज लांबलचक बोलत होते तेव्हा खाली पडलेली अक्षत वेचून बाजूला ठेवली. नंतर मी विचारलं, हे सगळं बसवलं कुणी? म्हणाला, “तुज्या मामीक बघ. आजयेक बघ. बायलमाणसाचे हात कदी रिकामे बघलंस?”

मग दुःशासन आला. साड्या एकात एक गुंतवलेल्या होत्या, सहा की सात, गावातल्या बायकांनी दिलेल्या. तो ओढत होता, मामा गिरक्या घेत होता, एका हाताने नेसू धरून, दुसऱ्याने कृष्णाला हाका मारत. पेट्रोमॅक्सभोवती किडे. आणि एका गिरकीला मामाने नेसू धरलेला हात सोडला. दोन्ही हात वर. त्या तासाभरात पहिल्यांदाच त्या हातांत काही नव्हतं. घट्टे मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत दिसले असतील. माझ्या शेजारी साडीचं टोक सोडायला बसलेला मुलगा ते सोडायचंच विसरला आणि दुःशासन तोल जाऊन पडला. कोणी हसलं नाही.

आता मामा ऐंशीला आला. रापण सुटली, द्रौपदी त्याआधीच सुटली. गेल्या महिन्यात माझी मुलगी शाळेतून आली ती रडवेली होऊन. संमेलनात तिला झाड केलंय. वाक्य नाही. हात वर धरून उभं राहायचं, नाटक संपेपर्यंत. “बाबा, हातांचं काय करू?”

मी तिला घेऊन आजोळी गेलो. मामाने ऐकून घेतलं आणि विचारलं, “झाड खंयचा?”

“नुसतं झाड.”

“नुसता झाड खंय असता गो? आंबो, फणस, माड, काय ता सांग.” तिने जरा विचार करून माड सांगितला, फांद्या नसतात म्हणून. मामा काठी ओटीला टेकून खळ्यात उतरला. पाय जुळवले, किंचित समुद्राकडे कलला. हात वर नेले, बोटं खाली सोडली.

“आदी वारो खंयसून येता ता ठरव. खारो काय मतलई? मगे हात आपसूक हलतत.”

बोटं हलायला लागली. आधी करंगळ्या, मग बाकीची, मग मनगटं. मुलगी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनेही हात वर केले. कुंपणाबाहेरून जाणारा पाववाला सायकलवरून उतरून बघत राहिला.

आतून मामी ओरडली, “ओ माड, चाय थंड झाली!”