ब्लिसीची जागल

९ डिसेंबर

या आठवड्यात थ्री फेज रात्रीची आहे. हरभऱ्यात स्प्रिंकलर लावले की पाइप बदलेपर्यंतचा वेळ धुऱ्यावर बसूनच काढायचा असतो, आणि तेवढ्यात पोकेमॉन शोडाउन या, पोकेमॉनची टीम लढवायच्या ऑनलाइन खेळाच्या चार-पाच लढती आरामात होतात. ब्राउझरमध्ये चालतं, पैसे लागत नाहीत. ऑप्शन्समध्ये जाऊन अ‍ॅनिमेशन बंद केलं की नेटवर्कची एकच कांडी असली तरी टर्न पुढे सरकते. मधेच टॉवर गेला तरी लढत मोडत नाही, पान पुन्हा उघडलं की होती तिथेच सापडते. मात्र समोरच्यानं टायमर लावला असेल तर घड्याळ आपल्यासाठी थांबत नाही.

विषय ब्लिसी या पोकेमॉनचा. गावातल्या पोट्ट्यांचं पहिलं मत ठरलेलं: "भाऊ, हे गुलाबी अंडंवालं काय कामाचं? मारतच तं नाही." दोन दिवसांनी मत फिरतं: "भाऊ, हे तं मरतच नाही." दोन्ही अर्धवट. तुरीत मचाणावर बसलेला माणूस काही डुकरं मारत नाही. डबा वाजवतो, बॅटरी मारतो, हाका देतो, कळप दुसऱ्या अंगानं वळला की पुन्हा बसतो. ब्लिसीचं काम हेच, जागल. तिच्याकडून शिकार मागितली की डाव फसतो. आणि ती मरत नाही एवढ्यावर खूश राहिलं तरी फसतो.

आधी आकडे. मूळ एचपी (म्हणजे जीव) २५५, अटॅक १०, डिफेन्स १०, स्पेशल अटॅक ७५, स्पेशल डिफेन्स १३५, स्पीड ५५. अटॅक-डिफेन्स फिजिकल म्हणजे अंगाच्या फटक्यांसाठी, स्पेशलचे दोन बाकीच्या फटक्यांसाठी. नवीन खेळणारा स्पेशल डिफेन्स दणकट दिसतो म्हणून सगळे ईव्ही (आपण वाटून द्यायचे वाढीचे गुण) तिथेच ओततो. लेव्हल १०० आणि आयव्ही (जन्मजात गुण) ३१ धरून हिशेब मांडला की चूक लगेच दिसते. स्पेशल डिफेन्स काही न घालता ३०६, आणि २५२ ईव्ही घालून ३६९. म्हणजे पाचवा हिस्सा वाढला. डिफेन्स काही न घालता ५६, आणि २५२ ईव्ही अन् बोल्ड नेचर (डिफेन्स एक दशांशानं वाढवणारा स्वभाव) दिलं की १३०. दुपटीहून जास्त. चार ईव्हीला एक पॉइंट हा दर दोन्हीकडे सारखाच, ६३ पॉइंटच मिळतात. पण ते कशात पडतात त्यावर सगळं आहे. ओलिताच्या वावराला आणखी एक पाणी दिलं तर फार फरक पडत नाही, कोरडवाहू कपाशीला बोंडं भरताना एक पाणी मिळालं तर झाड वेगळंच दिसतं.

म्हणून २५२ एचपीत, २५२ डिफेन्समध्ये. ईव्हीची एकूण मर्यादा ५१०. उरलेल्यांतले ४ स्पेशल डिफेन्सला, ते ३०७ होतं. एचपी ६५१ वरून ७१४. बोल्डमुळे अटॅक घटतो, घटू द्यावा. उलट अटॅकचा आयव्हीही शून्य ठेवावा, कारण फाउल प्ले हा हल्ला आपलाच अटॅक आपल्यावर उलटवतो, आणि कन्फ्युजनमध्ये स्वतःला बसणारा फटकाही त्यावरच ठरतो. ब्लिसीचा स्वतःचा हल्ला सायझमिक टॉस, त्याला अटॅक लागतच नाही. लेव्हल १०० ला तो १०० चाच बसतो, ५० ला ५० चा. समोर डोंगर असो की ढेकूळ.

११ डिसेंबर

दोन फटके शेजारी ठेवून पाहिले की ब्लिसी पूर्ण समजते.

पहिला गेंगार या पोकेमॉनचा. टिमिड नेचर, स्पेशल अटॅकला २५२ ईव्ही, आकडा ३५९. त्याचा स्लज बॉम्ब ब्लिसीला ११४ ते १३५ बसतो. फोकस ब्लास्ट फायटिंग जातीचा म्हणून दुप्पट लागतो, तरी २०२ ते २३८ च. एक सॉफ्ट-बॉइल्ड निम्मा एचपी भरतं, म्हणजे ३५७. फोकस ब्लास्टचे जास्तीत जास्त ८ पीपी, म्हणजे ८ वापर. आठही लागले (अचूकता ७० टक्के आहे, लागत नाहीत) आणि प्रत्येक वेळी वरचाच आकडा आला, तरी बेरीज १९०४. ब्लिसीचे ७१४ आणि चार सॉफ्ट-बॉइल्ड मिळून २१४२. क्रिटिकल (नशिबानं दीडपट बसणारा फटका) आणि फोकस ब्लास्टनं कधीतरी घटणारा स्पेशल डिफेन्स सोडला तर गेंगारचा हा दारूगोळा संपतो आणि ब्लिसी तिथेच असते.

दुसरा फटका ग्रेट टस्क या पोकेमॉनचा. जॉली नेचर, अटॅक ३६१, क्लोज कॉम्बॅट हा फिजिकल हल्ला. ब्लिसीच्या १३० डिफेन्सवर हा कमीत कमी ७१४ बसतो. कमीत कमी! ब्लिसीचा भरलेला एचपीही ७१४. एवढी डिफेन्सला ईव्ही पाजूनही एकाच फटक्यात गेली, आणि त्यात नशिबाचा भागच नाही. सगळ्यात हलका रोलही पुरतो.

आता त्याच जागी चॅन्सी ठेवा. ब्लिसीची आधीची अवस्था, मूळ डिफेन्स फक्त ५. पण इव्हायोलाइट ही वस्तू अजून पूर्ण न वाढलेल्या पोकेमॉनचा डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स दीडपट करते. चॅन्सीचा डिफेन्स ११९ चा १७८ होतो, स्पेशल डिफेन्स ईव्ही न घालताच ३६९. तोच क्लोज कॉम्बॅट तिला ५२४ ते ६१८ बसतो, आणि तिचा एचपी ७०४. वाचते. पोट्ट्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण वाढलेलं जनावर जास्त दणकट असणार हा सरळ हिशेब.

मग सगळ्यांनी चॅन्सीच का घेऊ नये? कारण तिचा सगळा जीव त्या एका वस्तूत आहे. नॉक ऑफ हा वस्तू पाडणारा हल्ला बसला की इव्हायोलाइट गेलं, डिफेन्स पुन्हा ११९, आणि लढत संपेपर्यंत ते परत मिळत नाही. शिवाय वस्तूची एकच जागा, त्यामुळे जमिनीवरच्या काट्या-दगडांपासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट्स घालता येत नाहीत. स्टेल्थ रॉक (समोरच्यानं पसरलेले दगड) पडलेले असतील तर दर वेळी आत येताना ८८ जातात. वर स्पाइक्सचे म्हणजे काट्यांचे तीन थर असले तर आणखी १७६. दोनदा आत-बाहेर केलं की अर्ध्याहून जास्त चॅन्सी जमिनीनंच खाल्ली. बूट्स घातलेली ब्लिसी यातलं काहीच देत नाही. म्हणून ज्या टीममध्ये काटे साफ करणारा भरवशाचा गडी आहे तिथे चॅन्सी, नाही तिथे बूट्सची ब्लिसी. ब्लिसीला लेफ्टओव्हर्स ही वस्तू देणाऱ्यांनी एवढंच पाहावं: टर्नमागे ४४ मिळतात, आणि स्टेल्थ रॉकवरून एकदा आत आलं की ८९ जातात.

१२ डिसेंबर

ब्लिसीचा नॅचरल क्युअर हा गुण लोक वाया घालवतात. ब्लिसी बाहेर गेली की विष, पक्षाघात, भाजणं, झोप, सगळं उतरतं. टॉक्सिकचं विष मात्र उभं राहणाऱ्याला चढत जातं: ७१४ एचपीवर पहिल्या टर्नला ४४, मग ८८, १३२, १७६. चार टर्नमध्ये ४४०. विष लागल्यावर सॉफ्ट-बॉइल्डच्या मागे लागू नये. विषाचा तिसरा घोट बसायच्या आत स्विच करावं. बाहेर जाण्यातच औषध आहे, आणि त्याला पीपी लागत नाही.

पीपीची चणचण आता खरी आहे. स्कार्लेट आणि व्हायोलेट या नवव्या पिढीच्या खेळांपासून सॉफ्ट-बॉइल्डसारख्या भरून काढणाऱ्या मूव्हज वाढवून फक्त ८ वेळा वापरता येतात, आधी १६ मिळायच्या. जुने व्हिडिओ पाहून शिकलेले इथे फसतात. एचपी ७० टक्के असतानाच बटण दाबतात आणि ४० टक्के भरणं सांडून जातं. ३५७ मावतील एवढी जागा रिकामी झाल्याशिवाय दाबू नये. अपवाद एकच: पुढचा फटका निम्म्याहून मोठा येणार हे माहीत असेल तर. पण तेव्हा बहुतेक वेळा बाहेर निघणंच बरं.

१४ डिसेंबर

कुठे बिघडतं ते.

टॉन्ट बसला की तीन टर्न सॉफ्ट-बॉइल्ड, थंडर वेव्ह (पक्षाघात करणारी मूव्ह), स्टेल्थ रॉक सगळं बंद. हातात उरतो सायझमिक टॉस, आणि तो फायटिंग जातीचा असल्यानं घोस्टला लागतच नाही. परवाचा तोच गेंगार टॉन्ट घेऊन आला तर हिशेब उलटतो. दारूगोळा तोच, फक्त आता भरून काढणं नाही.

ट्रिक ही वस्तूंच्या अदलाबदलीची मूव्ह त्याहून वाईट. समोरचा स्वतःची चॉइस स्कार्फ, एकाच मूव्हला अडकवणारी वस्तू, ब्लिसीच्या गळ्यात बांधतो आणि तिचे बूट घेऊन जातो. त्या टर्नला सॉफ्ट-बॉइल्ड दाबलं असेल तर बाहेर जाईपर्यंत तेवढंच करत राहायचं.

सायशॉक हा हल्ला दिसतो स्पेशल, पण मोजला जातो डिफेन्सवर. म्हणजे ३०७ वर नाही, १३० वर. सायकिक जातीचा पोकेमॉन समोर आला की पहिल्या फटक्याला किती गेले ते पाहावं. अंदाजाच्या दुप्पट गेले तर ओळखावं.

गोल्डेंगो या पोकेमॉनच्या जाती स्टील आणि घोस्ट, म्हणजे टॉस लागत नाही. आणि गुड अ‍ॅज गोल्ड या गुणामुळे समोरच्याच्या स्टेटस (थेट न मारणाऱ्या) मूव्हज त्याला बाधत नाहीत, म्हणजे थंडर वेव्हही नाही. ब्लिसी समोर बसलेली, तो निवांत नॅस्टी प्लॉट करून स्पेशल अटॅक वाढवतोय. चार मूव्हजपैकी चौथ्या जागेवर शॅडो बॉल ठेवायची ती यासाठी.

सबस्टिट्यूटची, म्हणजे आड धरायच्या बाहुलीची, गंमत बारीक आहे. मूळ एचपी १०० असलेल्याला २५२ ईव्ही दिले की लेव्हल १०० ला बरोबर ४०४ होतात. सबस्टिट्यूट चौथा हिस्सा घेतं, म्हणजे १०१ चं. सायझमिक टॉस १०० चा. बाहुली १ एचपीवर उभी राहते, आणि तिच्या आडून समोरचा एक टर्न फुकट कमावतो. हा एक पॉइंट कोणी चुकून ठेवत नाही, ब्लिसी-चॅन्सी डोळ्यासमोर ठेवूनच तो सेट बांधलेला असतो.

पण या सगळ्यांपेक्षा जास्त लढती जातात त्या स्वोर्ड्स डान्सवर. कारण ब्लिसीचा धाक नाही. समोरच्याला कळतं की हिच्याकडून फार तर १०० जातील, मग तो तिच्यासमोरच नाचून अटॅक दुप्पट करून घेतो. इथे बहुतेकजण आणखी एक टॉस मारून पाहतात. तो टॉसच महाग पडतो. फिजिकल मारणारा आत आला त्याच टर्नला निघायचं, त्यानं काय दाबलं ते पाहायला थांबायचं नाही.

१५ डिसेंबर

निघायचं कुणाकडे, हा खरा प्रश्न. ब्लिसी एकटी कधीच पुरत नाही, ती जोडीतला एक बैल आहे. १९९९ मध्ये गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांमधून ब्लिसी आली, त्याच पिढीत स्कार्मोरीही आली: स्टील आणि फ्लाइंग, मूळ डिफेन्स १४०. एक स्पेशल फटके घेते, दुसरी फिजिकल. या जोडीला स्कार्मब्लिस हे नावच पडलं. आजच्या खेळात तीच जागा डोंडोझोही भरतो. मूळ एचपी १५०, डिफेन्स ११५, आणि अनअवेअर गुण असलेला घेतला की समोरच्यानं कितीही स्वोर्ड्स डान्स केले तरी हा ते मोजतच नाही. वर सांगितलेल्या नाचाला याहून सरळ उत्तर नाही.

आठव्या पिढीच्या खेळांत निघण्याची आणखी चांगली सोय होती. टेलिपोर्ट सगळ्यात शेवटी चालायचा, त्यामुळे ब्लिसी समोरचा फटका स्वतः खाऊन मग जागा सोडायची आणि नाजूक गडी एकही ओरखडा न लागता आत यायचा. त्या काळात तिच्यासोबत वाटेल तो काचेचा पोकेमॉन खेळवता यायचा. आता तसं नाही.

डबल्सचं गणित वेगळंच, तिथे ब्लिसी फार कामाची नाही. दोन जण एकत्र मारतात, भरून काढायला वेळच मिळत नाही. तिथे आधार म्हणजे अंगावर घेणं. २०१४ च्या वॉशिंग्टन डी.सी. मधल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कनं पाचिरिसू नावाची खार नेली होती. मूळ आकड्यांची बेरीज ४०५, कोणी ढुंकून पाहणार नाही अशी. फॉलो मी दाबून ती जोडीदारावरचे हल्ले स्वतःकडे ओढायची. तिथेही मारणारा जोडीदारच होता. तो ती स्पर्धा जिंकला.

१७ डिसेंबर

चौथ्या मूव्हचं अजून पक्कं होत नाही. शॅडो बॉल ठेवली तर गोल्डेंगो अडतो, पण थंडर वेव्ह गेली. थंडर वेव्ह ठेवली तर वेगवान पोकेमॉनचा स्पीड निम्मा होतो, पण ग्रेट टस्क ग्राउंड जातीचा म्हणून त्याला ती लागतच नाही. स्टेल्थ रॉक दुसऱ्या कुणाकडे देता येत असतील तर ब्लिसीच्या डोक्यावर टाकू नयेत.

आणि एक, जे आकड्यांत येत नाही. समोरच्याचे स्पेशल मारणारे दोघंही पडले असतील, आपली ब्लिसी ६०० एचपीवर असेल, तर पोट्टे तिला जपून ठेवतात. इतकी तब्येतीची आहे म्हणून. तूर खळ्यावर आल्यावर मचाणावर कोण बसतं? तिला समोरच्या फिजिकल गड्यापुढे सोडावं. तिनं जमला तर एक टॉस मारावा, पडावं, आणि तिच्या जागी आपला मारणारा एकही फटका न खाता आत यावा. टॉस लागला असेल तर समोरच्याचे १०० गेलेलेच असतात. बरेचदा नेमके तेवढेच कमी पडत असतात.